पंख फुटणे : वाक्यात उपयोग

आई, कशी आहेस? बाबांचा गुडघा काय म्हणतो? काकूचा दमा बसला का? आणि आपली तांबडी कोंबडी, अजून परसात पोरांच्या मागे धावते का? इथे खारघरला आम्ही सगळे मजेत. फक्त महिनाभर ओले कपडे खुर्च्यांवर वाळत होते, कारण बाल्कनीतल्या कपड्यांच्या दांडीवर बुलबुलाने घरटं केलं.

त्यात रविवारी सोसायटीच्या रंगकामाचा मुकादम आला. "आजी, उद्या रंगाऱ्यांचा झुला तुमच्या बाल्कनीसमोर. घरटं अलगद बाजूला ठेवतो, टेन्शन घेऊ नका." मी म्हटलं, "बाबा रे, तुला अलगद पनवेलला नेऊन ठेवलं असतं, तर तुझी आई शोधत आली असती का?" तो हसला. "मग किती दिवस थांबू?" मी स्टुलावर चढून डोकावले. तीन पिल्लं, अंगावर काट्यांसारखी पिसं, मधून गुलाबी कातडी दिसतेय. आई, तुझा आवाज कानात आला, "आंग झाकल्याबिगर पंख फुटलं म्हनायचं नाय." मी सांगून टाकलं, "बुधवारपर्यंत. नाही उडाली तर घरटं मी माझ्या हाताने हलवीन." बोलून बसले खरी, आणि लगेच पुन्हा स्टुलावर चढले.

त्याच संध्याकाळी नात वही घेऊन बसली. 'पंख फुटणे', अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा. सूनबाई म्हणाली, "लिही, स्वतःच्या पायावर उभं राहणं." मी म्हटलं, "आधी तिला पंख बघू दे, मग पाय." मग काय, पोरगी शाळेतून आली की स्टुलावर. मंगळवारी काट्यांची टोकं उलगडून पिसं झाली, अंग झाकलं. बुधवारी सकाळी दोघं उडाली. तिसरं दांडीवर बसून राहिलं, शेपूट बोटभर नाही पण तोरा केवढा. खाली मुकादम घड्याळ बघतोय, समोरच्या झाडावर पिल्लाची आई चोचीत अळी धरून बोलावतेय. शेवटी गेलं, धडपडत, पण गेलं. नातीनं लिहिलं, 'पिल्लांना पंख फुटले, म्हणून आमची बिल्डिंग रंगली.' बाईंनी बरोबरची खूण केली.

हे पत्र टपालात पडणार नाही, तांदळाच्या डब्यातच राहील, म्हणून सांगायचा धीर होतोय. त्या वर्षी आपल्या तांबडीची पिल्लं शेजारणीच्या मांजरानं नेली नव्हती. चार पिसं दिसली तशी मीच हौसेनं त्यांच्यावर झाकलेलं डालगं उचललं आणि घारीनं डाव साधला. तू मात्र शेजारणीशी दिवाळीपर्यंत बोलली नाहीस. आता तीही वर तिकडेच आहे. माझ्या वतीनं तिला चहाला बोलाव, आणि काय म्हणाली ते लवकर कळव.