अकरा वेळा एक

देवळी, ता. २२ नोव्हेंबर १९५५

चि. वच्छलेस घनश्यामदादाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. लग्नाला तीन वर्षं झाली तरी मॅट्रिकचं खूळ काही तुझ्या डोक्यातून जात नाही! नववीपर्यंत शिकलीस, घर चांगलं मिळालं, आता आणखी काय पाहिजे? तुझे सासरे मधुकरराव कडक माणूस. त्यांच्यापुढे परीक्षेची गोष्ट काढायला मी धजत नाही.

बरं, तुला भागाकाराची हौस आहे ना? मग शर्त लाव. अकरा वेळा एक लिही, ११,११,११,११,१११. एक आणि तो स्वतः सोडून दुसऱ्या कोणत्याही संख्येनं त्याला पुरता भागून दाखव. मी शंभरापर्यंत सगळं लावून पाहिलं. आकडा अतूट आहे, मास्तर म्हणून सांगतो. तोडलास तर मी स्वतः सिंदीला येऊन मधुकररावांशी बोलेन.

वहिनीनं जवसाची चटणी पाठवली आहे. रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा दादा


सिंदी, ता. १० सप्टेंबर १९५६

ती. दादाले वच्छीचा सा. न. वि. वि.

तुटला! २१६४९ नं भागून पाह्य. भागाकार ५१३२३९, बाकी शून्य. पोळा झाला अन् चार-पाच दिवसांत सापडला. तीनदा गुणून पाह्यलं, मंगच लिहून राह्यली.

सगळ्या आकड्यायनं भागत बसली असती त म्हातारी झाली असती. पण एक गंमत दिसली. नुस्ते एकापुढं एक लिहत सातानं भागत गेलं का सहाव्या एकाले बाकी शून्य येते. सातातून एक गेला, सहा. तेराले बी सहाव्यालेच येते, अन् बारात सहाचा भाग जाते. एक्केचाळीसले पाचव्याले, चाळीसात पाच जाते. तीन तेवढा ऐकत नाई मेला! मंग म्हटलं, आपल्याले अकराव्याले शून्य पाहिजे, त एक वजा करून ज्यात अकराचा भाग जाते तेच आकडे घ्यायचे. त्यातले बी दोन, तीन, पाचानं भाग जाणारे सोडून देल्ले अन् रोज दोन-दोन भागाकार केले.

सासूबाईनं इचारलं का पाटीवर कोण्या देवाचा मंत्र लिहते. मी हो म्हटलं.

मॅट्रिकच्या फॉर्मची मुदत पुढच्या महिन्यात सरते. येजो दादा, शर्त हारला तू! माया असू देजो.

तुही वच्छी


देवळी, ता. २८ सप्टेंबर १९५६

चि. वच्छलेस अ. आ.

तुझा गुणाकार घरी केला, मग शाळेच्या फळ्यावर पुन्हा केला. बरोबर आहे. एक वजा करायची तुझी युक्ती मला ठाऊक नव्हती. वीस वर्षं गणित शिकवतो, पण हे मला कधी दिसलं नाही गं.

उत्तराला उशीर झाला, कारण हिंमत होत नव्हती. तो आकडा मी तुटणार नाही असं समजूनच दिला होता. तू थकशील, परीक्षा विसरशील, असं वाटलं. तुझ्या लग्नात मी मधुकररावांना शब्द दिला होता की पोरगी पुढं शिकायचं नाव काढणार नाही. तुला विचारलंही नाही. स्थळ हातचं जाईल याची धास्ती होती. आज फार लाज वाटते.

रविवारी ७ तारखेला येतो. माझा शब्द मीच परत मागतो. जमलं तर क्षमा कर.

तुझा दादा


सिंदी, ता. ३ ऑक्टोबर १९५६

ती. दादाले सा. न.

तुहं पत्र वाचून मी रडली. आकडा कठीण देल्ला, त्याचं काई नाई. पण माह्या नावानं शब्द देल्ला अन् इतकी वर्षं सांगतलं नाई, हे मनाले लय लागलं.

मंग रविवारची वाट नाई पाह्यली. तेच पत्र घेऊन सासऱ्यापाशी, मामाजीपाशी गेली. आकड्याचं सांगतलं, तुह्या शब्दाचं बी सांगतलं. त्यायनं पत्र मागून घेऊन वाचलं. मंग म्हणाले का शब्द घनश्यामरावांनी देल्लता, सूनबाईनं कुठी देल्लता? अन् फॉर्मवर सही केली. आमचे हे स्वतः वर्ध्याले जाऊन भरून आले.

रविवारी मात्र येजोच. भूमितीचं पुस्तक आणजो, ते मले जड जाते. वांग्याचं भरीत करून ठेवीन. रागावली असली तरी बहीण तुहीच हाय.

वच्छी

ता. क. : सतरा वेळा एक लिहून पाठवून राह्यली, ११,११,११,११,११,११,११,१११. हा तुटते का नाई, मले माहीत नाई. तुले बी माहीत नसन त तसंच सांगजो. अतूट म्हणू नको.