परतीचा रकाना

॥ श्री ॥

वाक्वा, मॉरिशस
२ जुलै २०२५

सौ. प्रतिमाताई यांना कृष्णाचा सप्रेम नमस्कार.

आपली भेट नाही, पण गेल्या नोव्हेंबरपासून माझी नात ईश्वरी तुमच्या घरी जेवते, झोपते आणि, तिच्याच सांगण्यावरून, तुमची बोलणीही खाते. तेव्हा आपण परके नाही. मी चाळीस वर्षं इथल्या शाळेत मराठी शिकवलं, म्हणून हे पत्र हाताने लिहून त्याचा फोटो तिच्या फोनवर पाठवतो आहे. मूळ कागद मागाहून पोस्टाने येईल, पोचला तर.

काम असं. घरच्या गणपतीची मूर्ती मी घडवतो. यंदा हात थरथरतो. माती लावता येते, डोळे रेखता येत नाहीत. ते ईश्वरीने रेखावेत अशी इच्छा आहे. लहानपणी माझ्या शेजारी बसून तिने हात बसवला आहे. ऑगस्टच्या शेवटी तिला दोन आठवडे पाठवाल का? फोनवर विचारलं की प्रयोगासाठी प्रयोगशाळेत पाळलेल्या माश्यांचं कारण सांगते. माश्यांपायी गणपती चुकवणारी आमच्या घरात ही पहिलीच.

गजाननरावांना नमस्कार. लोभ पत्रात मावेल तेवढा कळवत राहा.

आपला,
कृष्णा

॥ श्री ॥

सेक्टर ४८, चंदीगड
६ जुलै २०२५

तीर्थस्वरूप कृष्णाकाका यांना प्रतिमाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं अक्षर पाहून ह्यांनी मला रोज एक पान शुद्धलेखन करायला सांगितलं आहे.

माश्यांचं कारण खोटं आहे. खरं सांगायला ती संकोचते, कारण चूक माझी आहे. तिचा विद्यार्थी व्हिसा ऑगस्टअखेर संपतो. तो वाढवून, पुन्हा आत येण्याच्या परवानगीसह हातात पडल्याशिवाय ती निघाली, तर तिकडून नवा काढावा लागेल. त्याला किती महिने लागतील कुणी सांगत नाही. आणि सप्टेंबरच्या मध्यापर्यंत ती परतली नाही, तर मोहालीच्या नॉलेज सिटीतल्या प्रयोगशाळेत तीन वर्षं जोपासलेला तिचा प्रयोग दुसऱ्या कुणाकडे जाईल.

अर्ज तिने वेळेवर भरला. तो अडला पत्त्यावर. नोंदीत ती अजून मोहालीच्या हॉस्टेलवर आहे. कावीळ झाली तेव्हा मराठी मंडळातल्या ओळखीवर मी तिला तिथून उचलून घरी आणलं आणि ती राहिलीच. आमच्यापुढचा रस्ता ओलांडला की मोहाली, पण कागदावर ते पंजाब आणि हे चंदीगड. शिवाय घरी परदेशी माणूस राहायला आला की चोवीस तासांत सी-फॉर्म भरून कळवायचं असतं. ह्यांचा जन्म हवाई दलात गेला. ह्यांनी त्याच दिवशी आठवण करून दिली होती. मीच उडवून लावलं की फॉर्म पाहुण्यांचे भरतात, ही घरची आहे. त्याला आठ महिने झाले.

उशिराचा फॉर्म आता भरला आहे. तुम्ही माती भिजत घाला. पोरगी पोचेल.

तुमच्या आशीर्वादाची वाट पाहणारी,
प्रतिमा

॥ श्री ॥

चंदीगड
१६ जुलै २०२५

ती. आजोबांना ईश्वरीचा शि. सा. न.

काकूवर रागावू नका. ती वरून हसते, पण या आठवड्यात दोनदा पोळ्या करपल्या. गजाननकाकांनी माझ्या कागदांची फाईल केली आहे, प्रत्येक कागद तीन प्रतींत. तिला ते विमान म्हणतात आणि रोज जेवण झाल्यावर तपासतात. मंगळवारी परदेशी नागरिकांच्या नोंदणी कचेरीत काकूला समक्ष बोलावलं आहे. काका म्हणतात, विमान पक्कं उडेल.

एक आधीच सांगते. कागद आला नाही तर मी येणार नाही. मग डोळे तुम्हीच रेखा, वाकडे झाले तरी चालतील. हे लिहिताना मला फार वाईट वाटतं आहे, पण तुम्हीच शिकवलंत की आधी लिहावं, मग रडावं. ब्रश मात्र बॅगेत भरून ठेवले आहेत.

तुमची,
ईश्वरी

॥ श्री ॥

चंदीगड
१ ऑगस्ट २०२५

तीर्थस्वरूप काकांना प्रतिमाचा शि. सा. न. वि. वि.

व्हिसा वाढून आला! ये-जा करण्याची मुभा त्यात स्पष्ट आहे. ह्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं. तिकीट २२ ऑगस्टचं, परतीचं ८ सप्टेंबरचं.

आता त्या मंगळवारचं सांगते. तिथल्या सरोज मॅडमनी विचारलं, भाडं घेता का. नाही म्हटलं. मग तुमची लागते कोण, म्हणाल्या. माझ्या तोंडून भाची निघालं. ह्यांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. मॅडमना कळलंच. हसून म्हणाल्या, भाची लिहिलंत तर पुरावा मागावा लागेल जी, आणि तो नसला तर फाईल इथेच थांबेल. जे खरं आहे ते लिहून द्या.

मी लिहिलं. परदेशी नागरिक, नातं नाही, भाडं न घेता ठेवली आहे, कळवायला उशीर माझ्यामुळे झाला. अख्ख्या पानाला पाच मिनिटं लागली, त्यातली चार परदेशी या शब्दाला. तिला घरी परत आणायचं, तर आधी ती आमची कुणी नाही अशी सही करावी लागली. बाहेर आल्यावर ह्यांनी न विचारता लस्सी पाजली.

तिच्याबरोबर गोडा मसाला पाठवते. माश्या सांभाळायला तिची मैत्रीण स्वराली तयार झाली आहे.

आपली,
प्रतिमा

॥ श्री ॥

वाक्वा
६ सप्टेंबर २०२५

चि. सौ. प्रतिमा हिला अनेक आशीर्वाद.

हे पत्र ईश्वरीच्या हाती देतो आहे. डोळे तिने रेखले. डावा किंचित मोठा झाला. गावात कुणाला दिसलं नाही. मला दिसलं.

सोबत एक नक्कल आहे. माझे पणजोबा रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यावर करारी मजूर म्हणून बोटीने इथे आले, त्यांचा नोंदणीचा कागद. त्यात उंची आहे, कपाळावरचा व्रण आहे, बोटीचं नाव आहे. परतीच्या तारखेचा रकानाही आहे, कोरा. ते कधी परतले नाहीत. लहानपणापासून मी तो रकाना पाहत आलो. तुझ्या त्या सहीचं वाचलं तेव्हा प्रथम तोच आठवला. परदेशी लिहिलंस म्हणून खंत करू नकोस, बाळ. आमच्यातलं एक माणूस तिकडे परत येतं आहे, ते तुझ्या त्या सहीमुळे.

तुझा,
कृष्णाकाका

॥ श्री ॥

चंदीगड
९ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप काकांना प्रतिमाचा शि. सा. न.

ईश्वरी आज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी दारात उभी राहिली. दिल्लीला पासपोर्टावर शिक्का मारायला दोन मिनिटंही लागली नाहीत म्हणे. विमानाची फाईल उघडावीच लागली नाही, म्हणून हे थोडे हिरमुसले. मी चहा ठेवायच्या आधी सी-फॉर्म भरला. परदेशी हा शब्द या वेळी एका दमात लिहिला.

ती अंघोळ करून लगेच माश्यांकडे पळाली. जाण्यापूर्वी तुमची नक्कल टेबलावर पसरून तिने परतीच्या रकान्यात पेन्सिलीने आजची तारीख घातली. ह्यांनी ती तपासली, आणि शाईने लिही म्हणाले.

तुमची,
प्रतिमा