दररोज चार मिनिटं आधी

१२ मार्च, सकाळ

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. मी बरा आहे. गुडघा कुरकुरतो, पण आता आमची गाडीही कुरकुरते, तेव्हा एकट्या गुडघ्याला काय बोलायचं. पिल्लूचा दात पडला का? फोन केला की जावईबापू उचलतात आणि तू कामात आहेस म्हणतात. असशीलच. म्हणून पत्र लिहितो. पत्र कसं, सवडीनं वाचता येतं, आणि नाही वाचलं तरी कुणाला कळत नाही.

इकडे ऑफिसात सगळ्यांची झोप उडाली आहे. गेले सहा दिवस रोज दुपारी, दक्षिणेकडच्या एका ताऱ्यावर आमची रेडिओ-दुर्बीण लावली की एक आवाज येतो. आवाज म्हणजे कानाला ऐकू येणारा नव्हे, पडद्यावर उमटणारी रेघ. बारीक, सरळ, कुणीतरी पट्टी लावून ओढावी तशी. निसर्गात अशी रेघ सहसा नसते. तबकडी जरा बाजूला वळवली की पुसट होते, परत आणली की हजर. पण खरी गोम वेगळीच आहे. ती रेघ रोज साधारण चार मिनिटं आधी येते.

तू लहान असताना तुला हे मी समजावलं होतं. आकाशातला तारा दररोज चार मिनिटं आधी उगवतो. माणसाचं यंत्र घड्याळावर चालतं, तारा चालत नाही. त्यामुळे चार मिनिटं आधी येणारी वस्तू दिसली की आमच्याकडे चहा निवतो.

आमचा दाढीवाला आठवतो ना? परग्रहावरच्या जिवांचा शोध बंद करा आणि ते तास आम्हाला द्या, असं दोन वर्षं जो सांगतो आहे तो तरुण शास्त्रज्ञ. तोसुद्धा दुपारी जेवण सोडून पडद्यासमोर बसतो. २६ तारखेला समिती यायची आहे. हा शोध चालू ठेवायचा की नाही, ते ती ठरवणार.

बाईंनी मात्र बाहेर चकार शब्द काढलेला नाही. इतकी वर्षं वेधशाळा सांभाळताहेत, त्यांना घाई नसते. मला बोलावून म्हणाल्या, "काका, तुम्ही आधी खाली शोधा. खाली काही सापडलं नाही, तरच मी वर बघेन."

खाली शोधणं हेच माझं काम. कुणाचा पंप, कुणाचं वेल्डिंग, कुणाची चोरून आणलेली मायक्रोवेव्ह भट्टी. दुर्बिणीच्या कानात गोंगाट करणारं जे असेल ते हुडकायचं आणि गप्प करायचं. गावाचं तोंड बंद करणारा माणूस म्हणतात मला. म्हणोत.

आईची वेल छाटली. जरा जास्तच छाटली गेली बहुतेक. फुटेल.

तुझा
बाबा


२१ मार्च, दुपार

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. तुझं उत्तर नाही, पण मी लिहितो आहे. आवाज सापडला, आणि तो तुला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

तीन दुपारी मी गाडी घेऊन फिरलो. गाडीच्या टपावरची अँटेना फिरवायची, रेघ कुठल्या दिशेला ठळक होते ते पाहायचं, नकाशावर पेन्सिलीनं ओढायचं. दोन टेकड्यांवरून ओढलेल्या रेघा एका घरावर येऊन एकमेकींना भेटल्या. तळ्याच्या वळणावरचं, हिरव्या फाटकाचं घर. घड्याळवाले आजोबा राहतात तिथं. तुमच्या शाळेचं मोठं घड्याळ दुरुस्त करायला शिडी घेऊन यायचे, तेच. आता ऐंशीच्या पुढे असतील.

मी गेलो तेव्हा ते मागच्या बागेत वाफ्यात वाकून खुरपत होते. सदऱ्याच्या खिशात एक पांढरं यंत्र, वर निळं बटण. पाळण्यातलं बाळ रडलं तर दुसऱ्या खोलीत ऐकू यावं म्हणून असतं ते, बिनतारी. त्याची जोडी आत आजींच्या उशाशी होती. आजी वर्षभर अंथरुणाला खिळून आहेत.

मी काही बोलायच्या आत आजोबा म्हणाले, "तुम्ही येणार हे ठाऊक होतं. मुलानं पाठवलंय हे, गावात बिनतारी काही चालत नाही म्हणून सांगितलंही होतं त्यानं."

"किती वाजता चालू करता?"

"ती जेवून झोपली की. जागी असली तर खिडकीतून मी तिला दिसतो, मग याची गरज नसते. झोपली की लावतो. झोपेत घाबरते कधीकधी."

"रोज एकाच वेळी झोपतात?"

आजोबांनी खुरपं खाली ठेवलं. जन्मभर घड्याळं केलेला माणूस, त्यांच्याकडे सगळं मिनिटांत होतं. "गेल्या बुधवारी एक बावीस. गुरुवारी एक अठरा. काल एक वाजायला दोन मिनिटं होती. रोज थोडी लवकर दमते."

मी बोटांवर मोजलं, रोज चार मिनिटं. नियमाप्रमाणे यंत्र तिथल्या तिथं जप्त करायचं असतं. मी वाफ्याच्या कडेला बसलो. खिशातल्या यंत्रातून आजींचा श्वास ऐकू येत होता. मध्येच त्या खोकल्या, तर आजोबा निम्मे उठून उभे राहिले, मग पुन्हा बसले.

"हे तुम्ही नेणार," ते म्हणाले. "न्या. मग मी बागेत यायचं बंद करतो."

"तसं नको. उद्या दुपारपर्यंत वेळ द्या मला. तोवर हे बंद ठेवा आणि आतच बसा."

दुसऱ्या दिवशी भांडारातून साठ मीटर तार घेऊन गेलो. उशाशी एक छोटा माइक, बागेत खिडकीच्या छज्ज्याखाली स्पीकर, मधे नुसती तार. तारेतून गेलेला आवाज दुर्बिणीला ऐकू येत नाही. सगळं जोडलं, आणि आजींना म्हणालो, काहीतरी बोला. मी बागेत गेलो तेव्हा स्पीकरमधून आवाज आला, "अहो, टोपी घाला."

आजोबांनी घातली.

ऑफिसात येऊन बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. मला वाटलं आता हताश होतील. त्यांनी विचारलं, "आजींना बरं आहे का?" मी म्हणालो, नाही. मग त्यांनी नोंदवहीत स्वतःच्या हातानं लिहिलं: स्रोत सापडला, घरगुती. वाईट वाटलं ते दाढीवाल्याला. माझ्या मागोमाग गाडीपर्यंत आला. "काका, नीट बघितलंत ना? दुसरंही काही असू शकतं." इतके दिवस शोध बंद करा म्हणणारा हाच तो.

तसंच यंत्र होतं ते. तू आणलं होतंस तसंच.

पिल्लूला पापा.

बाबा


२ एप्रिल, सकाळ

भिंगरी,

तुझं पत्र काल आलं. एकच ओळ आहे. "तार छान जोडलीत बाबा, आईला का नाही जोडलीत?"

सकाळपासून दोन कागद फाडले. आधी समितीचं सांगतो, मग तुझ्या प्रश्नाकडे येतो. टाळतो आहे असं समज हवं तर.

शाळेच्या सभागृहात बैठक झाली. गावही आलं होतं. दाढीवाल्यानं आकडे मांडले, इतकी वर्षं ऐकतो आहोत, काही आलेलं नाही. बाई म्हणाल्या, समुद्रातून एक भांडं पाणी काढलं आणि त्यात मासा नाही मिळाला, म्हणून समुद्रात मासा नाही असं मी लिहून देणार नाही. समितीतल्या एका गृहस्थांना वेगळीच काळजी. कुणी सापडलंच तर उत्तर द्यायचं का, आणि सगळ्या जगाच्या वतीनं ते कोण देणार? त्यावर तासभर गेला. मग बेकरीवाली उठली. म्हणाली, "तुमचे ते लोक आहेत की नाहीत, तुम्हालाच ठाऊक नाही. माझी आई आहे. ती वरच्या मजल्यावर पडून आहे आणि मी खाली भट्टीपाशी असते. तिची हाक मला कशी ऐकू यायची ते सांगा." तिच्या जागी मला तू दिसलीस. जाताना दारात उभी राहून तू हेच बोलली होतीस, जरा जास्त धारदार शब्दांत.

अध्यक्षांनी मला विचारलं, तुम्ही इतकी वर्षं हे काम करता, तुमचं मत काय? मी म्हणालो, मला मत नाही साहेब, मला तार लागेल. लोक हसले. पण मंजूर झालं. शोधाचे तास निम्मे केले, शोध बंद नाही केला. आणि ज्या घरात कुणी अंथरुणाला आहे अशा नऊ घरांत तार टाकायची. त्यातली तीन झाली.

आता तुझा प्रश्न.

तू पिल्लूचं यंत्र धुऊनपुसून आईसाठी आणलंस, आणि मी ते तुझ्यादेखत ऑफिसच्या कपाटात कुलूपबंद केलं. मीच नियम मोडला तर गावाला कुठल्या तोंडानं सांगू, असं म्हणालो. ते खरं होतं. तार मला तेव्हा सुचली नाही, हेही खरं आहे. का सुचली नाही, याचं उत्तर मात्र चांगलं नाही. मी सुचवून घेतलंच नाही. तू आणलंस, मी नाही म्हणालो, आणि मग त्या 'नाही'ला धरून बसलो. तार टाकली असती तर तुझं म्हणणं बरोबर होतं असं झालं असतं. आईला मी पितळेची घंटा दिली आणि वाटलं, झालं काम.

दुसरी गोष्ट तुला कधी सांगितली नाही. आई झोपेत गेली असं मी तुला सांगितलं. ते मला माहीत नाही, भिंगरी. मी मागच्या शेडमध्ये होतो, वीस पावलांवर. गाडीच्या टपावरचं अँटेनाचं ब्रॅकेट घासत होतो, ग्राइंडर चालू होता. पंधरा-वीस मिनिटं असेल. चहा घेऊन आत गेलो तेव्हा तिचा चष्मा डोळ्यांवर होता आणि तोंड दाराकडे. घंटा खाली फरशीवर पडलेली. हात लागून पडली की वाजवताना पडली, मला कळायला मार्ग नाही. मी तिचा चष्मा काढला, डोळे मिटले, घंटा जागेवर ठेवली, आणि मग तुला फोन केला.

तू विचारलंस, तिनं हाक मारली होती का? मी म्हणालो, नाही. मला म्हणायला हवं होतं, मला ऐकू आलं नाही. या दोन उत्तरांत किती अंतर आहे, ते माझ्याइतकं कुणाला माहीत असायला हवं होतं? माझं तर कामच ते.

चौदा महिने झाले. तू रागावून गेलीस त्यातलं निम्मंच तुला माहीत होतं. उरलेलं निम्मं तुझ्याजवळ असावं म्हणून हे लिहिलं. क्षमा माग असं मन म्हणतं, पण पत्रातून मागितली की ती देणं तुझ्यावर येऊन पडतं. ते मला नको आहे.

आजी परवा दुपारी गेल्या. आजोबा बागेतच होते. स्पीकरवर त्यांना आजींनी काहीतरी म्हटलेलं ऐकू आलं, ते धावले, हातात हात होता. आजी काय म्हणाल्या ते मी विचारलं नाही. ते त्यांचं आहे.

मी शनिवारची सुट्टी टाकली आहे. बाईंनी अर्ज दोनदा वाचला, माझा असा अर्ज त्यांनी याआधी पाहिलेला नाही. सकाळच्या बसनं येतो, दहापर्यंत तुझ्या दारात असेन. तुला जे बोलायचं असेल ते बोल, मोठ्यानं बोललीस तरी चालेल. मी मध्ये बोलणार नाही. दार उघडावंसं वाटलं नाही, तर जिन्यात बसेन आणि संध्याकाळच्या बसनं परत जाईन. मग पुढच्या शनिवारी पुन्हा येईन.

जावईबापूंना नमस्कार. पिल्लूला सांग, आजोबा येताहेत.

उत्तराची वाट न पाहता निघतो आहे.

तुझा
बाबा