राजाला लागलेला हात

४ जून

ती. ताईस,
धाकटीचा सा. न. वि. वि.

भावोजींचा खोकला थांबला का, ते आधी कळव. इथे सगळं ठीक. छापखान्यात सध्या बुद्धिबळाच्या एका जाडजूड पुस्तकाची मुद्रितं तपासतेय. शोधायच्या अक्षरांच्या चुका, पण प्याद्यांच्या शर्यतीवरचं प्रकरण आलं आणि पेन्सिलच थांबली. घरी येऊन जिल्हा स्पर्धेतल्या आपल्या दोघींच्या अंतिम सामन्याचा, खेळ्या टिपलेला कागद काढला. पाच तास चाललेला तो डाव मी बावीस वर्षांत उघडला नव्हता.

शेवटी दोघींकडे राजा आणि एकेक प्यादं उरलं होतं. तू प्यादं ढकलणार, त्याआधी तुझा हात राजाला लागला. हात लावला ती सोंगटी खेळायचीच, म्हणून मी पंचांना बोलावलं. नुसती बाही लागली, असं तू म्हणालीस. बोटांनी धरला होता, असं मी. पंचांनी माझं मानलं, तुला राजा खेळावा लागला आणि तू हरलीस. राज्य स्पर्धेसाठी निवड माझी झाली. त्यानंतर तू पटाला शिवली नाहीस, आणि मी मनात कुढत राहिले, की खरंच बाहीच असेल तर? जिंकायच्या हावेपायी मला भलतंच दिसलं असेल तर?

ताई, सलग पाच संध्याकाळी पट मांडून बघितला. प्यादं ढकललं असतंस तर हरलीच असतीस. तुझं प्यादं आधी वजीर झालं असतं, पण लगेच माझंही. माझ्या नव्या वजिराने तुझ्या राजाला शह दिला असता, राजा बाजूला झाला की त्याच रेषेत मागे तुझा वजीर उघडा! उलट राजा माझ्या प्याद्याकडे एक घर सरकला, तीच बरोबरी राखणारी एकमेव खेळी होती. डाव गेला तो पुढच्या खेळीला. राजाने आणखी एक पाऊल टाकायचं, ते सोडून तू रागारागाने प्यादं पळवलंस.

एकदा स्वतः मांडून बघशील? उत्तर रागाचं आलं तरी चालेल, पण येऊ दे.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी धाकटी

११ जून

चि. बिटकीस,
अनेक आशीर्वाद.

खोकला गेला, घोरणं तेवढं उरलंय. तुझं पत्र आलं तेव्हा एका आजोबांसाठी बनवलेली वरची कवळी घासत होते. पट कुठला असायला? कागदावर चौकटी आखल्या, राजे म्हणून दोन दाढा ठेवल्या, प्यादी म्हणून दोन सुळे. माझी मदतनीस घाबरून म्हणाली, की बाई, गिऱ्हाइकाचे दात हरवतील.

तुझं म्हणणं चोख आहे. तीनदा बघितलं, त्यातलं एकदा, तू चुकावीस म्हणून.

आता माझं ऐक. बाही नव्हती, बोटंच होती. मला राजाच खेळायचा होता. उचलता उचलता वाटलं, प्यादं पळवलं तर जिंकते, आणि हात मागे घेतला. तू बरोबर पाहिलंस. पंचांना जे सांगितलं तेच आईला सांगितलं, आणि ती तुला वाट्टेल ते बोलली तेव्हा मी ताटात बघत बसले. मग पुन्हा कुठल्या तोंडाने तुझ्यासमोर पट मांडणार? रुसले नव्हते गं, शरमले होते. लिहून टाकलं, बरं वाटलं.

जेवढा लोभ शिल्लक असेल तेवढा चालेल.

ताई

१५ जून

ती. ताईस,
नमस्कार मागून, आधी भांडण.

पत्र कामावरच उघडलं. इतक्या मोठ्याने हसले की फोरमन यंत्र बंद करून आले, आणि येईपर्यंत मी रडत होते, तर बिचाऱ्यांनी पाणी आणून दिलं. बावीस वर्षं मी स्वतःला खोटारडी समजले, आणि खोटारडी निघालीस तू! किती हलकं वाटतंय, काय सांगू.

तुझी माफी मागायला आणखी एक पत्र लिहून ठेवलं होतं, ते फाडलं. आता पाळी तुझी. कागदावर मुळीच चालणार नाही. रविवारी सकाळच्या गाडीने येतेय, तोंडी घेईन. भावोजींसमोर नको वाटलं तर त्यांना भाजी आणायला पाठव.

गाडीला उशीर झाला तरी जेवायला थांब.

धाकटी