मार्गदर्शक : सौ. सुलक्षणा देवरे, धुळे

९ जून २०२५, सोमवार

झाली नावनोंदणी! मला न विचारता. आमचे मालक हितेंद्र सर येता येता म्हणाले, ‘कामिनी, तुझं नाव देऊन टाकलंय.’ कशात? तर तंत्रक्षेत्रातल्या महिलांसाठी मार्गदर्शन कार्यक्रम! पाच महिने. एका शनिवारआड चार वाजता व्हिडिओ कॉल, मधे एकदा प्रत्यक्ष भेट. कंपनीच्या वेबसाइटवर टाकायला फोटो मिळेल ना त्यांना – आमच्याकडे महिलांना प्रोत्साहन! आमच्याकडे महिला किती? एक मी. दुसऱ्या सुमनबाई, फरशी पुसायला येतात त्या. त्यांचंही द्यायचं होतं.

मी एकेचाळीस वर्षांची. यातली नऊ वर्षं जळगावच्या याच दुसऱ्या मजल्यावर, याच खुर्चीत. केळीच्या गाड्यांचं सॉफ्टवेअर – कोणत्या बागेतून कोणती गाडी किती घड घेऊन निघाली, कुठे पोचली – त्याची पहिली ओळ मी लिहिली. आता मला कोणीतरी शिकवणार. आत्मविश्वास!

१४ जून, शनिवार

उद्घाटन. पडद्यावर साठ चौकोन, साठ हसऱ्या बायका. पुण्याची एक ताई बोलली – ‘आपण सगळ्या एकमेकींच्या शिड्या आहोत.’ शिड्या! म्हणजे पाय द्यायचे एकमेकींवर, असंच ना? सगळ्यांनी टाळ्यांची चित्रं पाठवली. मी कॅमेरा बंद करून भेंडी चिरली.

मग ‘ध्येयपत्रक’ भरायचं. पाच वर्षांनी कुठे असाल? लिहिलं – जळगावात.

१७ जून

मार्गदर्शकाचं नाव आलं. मला वाटलं होतं, निदान बेंगळुरूची कोणी फाडफाड इंग्रजीवाली तरी असेल. तिला नावं ठेवायला मजा आली असती. पण नाही! सौ. सुलक्षणा देवरे, वय ५३, धुळे. सूतगिरणीच्या संगणक विभागात सत्तावीस वर्षं.

सूतगिरणी! तिथे संगणक म्हणजे टेबलावर टॉवेल पांघरून ठेवायची वस्तू.

२८ जून, शनिवार

पहिला कॉल. दहा मिनिटं नुसतं कपाळ आणि छताचा पंखा दिसत होता. मग फोन सरळ झाला. गोल चेहरा, मोठा चष्मा. ‘काय माय, कशी शे?’

मी म्हटलं, ‘नमस्कार मॅडम.’ अगदी थंड.

मग बाई सावरल्या, शाळेत वाचून दाखवतात तसं मराठी बोलायला लागल्या. पाच मिनिटांत परत घसरल्या. फैजपूरहून आलेली मी – कॉलेजात माझ्या बोलण्यावर मुली हसल्या, त्या दिवसापासून घरचा एक शब्द बाहेर काढलेला नाही. आणि या बाई बिनधास्त अहिराणी! कॅमेऱ्यावर!

विचारतात काय – ‘तू नेमकं काय काम करतेस?’ सांगितलं. ‘म्हणजे काय?’ परत सांगितलं. ‘मला कळेल असं सांग ना.’ मार्गदर्शक कोण आहे इथे? प्रश्न विचारत राहायचं, ही म्हणे नवी पद्धत असते. उत्तरं येत नसली की पद्धत काढायची.

आईने स्वयंपाकघरातून ऐकलं. ‘कोन होती वं? गोड बोलते.’ म्हटलं, माझी गुरू आहे. आई पोट धरून हसली.

१२ जुलै, शनिवार

दुसरा कॉल. सर्व्हर म्हणजे काय, हे तीनदा. तीनदा! ‘थांब, लिहू दे.’ वहीत लिहितात – शब्द न् शब्द. मधेच ‘परत सांग.’ लिहून झालं की मलाच वाचून दाखवतात आणि ‘बरोबर शे का?’

शेवटी एक विचारलं – ‘ड्रायव्हरच्या फोनवरून नोंद येते म्हणतेस. मग रस्त्यात रेंज गेली तर?’

प्रश्न बरा होता. मान्य. ऑफिसातल्या नव्या तेजसला सात महिन्यांत पडला नाही. संध्याकाळी बसून त्याच्यावर उपाय लिहून टाकला.

२१ जुलै, सोमवार

तेजस टीमचा प्रमुख! सव्वीस वर्षांचा तेजस. त्याला डेटाबेसमधलं टेबल कसं जोडायचं हे मी दाखवलं. मागच्या डिसेंबरात! सरांनी पेढे वाटले. मग मला आत बोलावून म्हणाले, ‘वाईट वाटून घेऊ नको. तू तर घरचीच आहेस.’

घरची म्हणजे वाढणारी. पानावर बसणारे वेगळे.

मी पेढा खाल्ला. वर हसत होते. तेजसपेक्षा, सरांपेक्षा, या हसणाऱ्या बाईची मला जास्त किळस येते.

आणि हो – रेंजचा तो उपाय तेजससाहेबांनी बाजूला ठेवला. ‘सध्या गरज नाही मॅडम.’

२६ जुलै, शनिवार

सांगायचं नव्हतं, सांगून टाकलं. बाईंनी धीर वगैरे दिला नाही. वही उघडली. ‘यातलं त्या पोराने काय केलं?’ मी एकेक सांगत गेले, त्या खुणा करत गेल्या. मग चष्मा वर केला – ‘म्हंजे गाडीना टायर सोडीसन बठ्ठं तुन्हंच शे!’

गाडीचं टायर सोडून सगळं माझंच! मला हसू आलं. राग आला हसण्याचा.

‘मग हाई गाडीवाल्यास्ले माहीत शे का?’

म्हटलं, मॅडम, कंपन्यांमध्ये असं चालत नाही. ‘कसं चालतं मग?’ – लहान पोरासारखं तोंड करून! नेटवर्क गेल्याचं सांगून कॉल बंद केला.

९ ऑगस्ट

राखीपौर्णिमा. कॉल रद्द. देव पावला.

२३ ऑगस्ट, शनिवार

धुळ्याला प्रत्यक्ष भेट. पारोळ्यापर्यंत एसटीत उभी. कॉलेजच्या हॉलात दारातच गुलाबाचं फूल आणि गळ्यात नावाची पाटी. मग खेळ – लोकरीचा गुंडा एकमेकींकडे फेकायचा आणि ‘मी तुझ्याशी जोडली गेले’ म्हणायचं. शिकलेल्या बायका! एक तर रडली.

देवरे मॅडम माझ्या खांद्याला येतात. सुती साडी, रेक्झिनची पिशवी. मला म्हणाल्या, ‘हे राहू दे, चल.’ बाहेर पायऱ्यांवर बसवलं आणि पिशवीतून वही काढली. दोनशे पानी. दोन्ही बाजूंनी भरलेली – निळ्या शाईत मी सांगितलेलं, लाल शाईत त्यांच्या शंका. दर पानावर वर लिहिलेलं – ‘कामिनी म्हणते’. गाड्या, बागा, बाण, चौकोन. माझं आख्खं सॉफ्टवेअर होतं तिथे. मी स्वतः कधी ते एका जागी पाहिलं नव्हतं.

‘डेटाबेसचं परत सांग.’

न राहवून विचारलं, ‘मॅडम, खरं तर तुम्ही मला काहीतरी सांगायला हवं ना?’

बाईंचा चेहरा लाल झाला. पिशवीची चेन उघडली, लावली. ‘सांगेन ना. आधी मला नीट कळू दे.’

सत्तावीस वर्षं नोकरी आणि सांगायला एक गोष्ट नाही! शेवटी डेटाबेसचं परत सांगितलं. दुसरं करणार काय – परतीची गाडी साडेपाचला.

११ सप्टेंबर, गुरुवार

आज लिहायला बसले तरी कान तापलेत.

दुपारी सगळं बंद पडलं. सावद्याकडे अकरा गाड्या भरून उभ्या. एकेक गाडी यादीत चार-चारदा दिसतेय, कोणती सोडायची कळेना. रुपचंद आबा – आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक – फोनवर पेटलेले. माल उन्हात. तेजस नुसता घामाघूम. तीन वाजता सर माझ्या खुर्चीपाशी आले. ‘कामिनी, जरा बघतेस?’

बघितलं. रेंज गेलेले फोन तीच नोंद परत परत पाठवत होते. हा प्रश्न मला पूर्वी कोणी विचारला होता ते मी इथे लिहिणार नाही. जुलैत लिहिलेला उपाय काढला, तपासला, लावला. चाळीस मिनिटं. गाड्या सुटल्या.

सरांनी फोन स्पीकरवर टाकला. आबा म्हणाले, ‘कोनी केलं?’ सर म्हणाले, ‘आमची टीम आहे ना आबा.’

मी कशी उठले माहीत नाही. टेबलावर वाकून फोनमध्ये बोलले – ‘मी केलं, आबा. आजचंही आणि नऊ वर्षांचंही. हे सगळं मी लिहिलेलं आहे.’

मग आबा – ‘मंग आजलोक बोलली कावून नाही?’

‘इचारलं नाही कोनी!’

घरच्या बोलीत! ऑफिसात! तेजस तोंड उघडं टाकून बघत होता.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

सरांनी आत बोलावलं. ‘सहप्रमुख’ करतो म्हणे. म्हटलं, ‘सह’ काढा. ते म्हणाले, ‘हे असलं शिकवतात का त्या कार्यक्रमात?’

‘हो,’ म्हटलं. धडधडीत खोटं. तिथे लोकर फेकायला शिकवतात.

‘सह’ निघालं नाही. घरी येऊन नाशिकच्या एका कंपनीत अर्ज टाकला.

८ ऑक्टोबर, बुधवार

मुलाखत. तिघं समोर. ‘तुमचं काम सांगा.’ सांगितलं – बाग, ड्रायव्हर, फोन, सर्व्हर, व्यापारी. अर्धा तास, कुठेही न अडखळता. एक जण म्हणाला, ‘ज्याला काहीच माहीत नाही त्यालाही समजेल, असं सांगता तुम्ही. कुठे शिकलात?’

म्हटलं, सवय आहे.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

मिळाली! प्रमुख म्हणून – पुढे-मागे काही न चिकटवता. काम जळगावातूनच. आईने देवापुढे साखर ठेवली. सरांकडे राजीनामा दिला. ‘घरची माणसं अशी जातात का?’ म्हणाले. म्हटलं, जातात.

१५ नोव्हेंबर, शनिवार

शेवटचा कॉल. बातमी सांगितली तर बाई रडायला लागल्या. परत कपाळ आणि पंखा. ‘मन्ही पोर गुणी शे!’ मी कधीपासून यांची पोर?

म्हटलं, मॅडम, आता शेवटी एक तरी सल्ला द्या. पदर डोळ्याला लावून म्हणाल्या, ‘मी काय सांगू? बठ्ठं तर तूच सांगं.’

चला. निदान खरं बोलल्या.

१६ नोव्हेंबर, रविवार

अभिप्रायाचा फॉर्म. तिथे गुलाबपाणी शिंपडायला बाकीच्या एकोणसाठ आहेत. मी लिहिलं – ‘मार्गदर्शकांना विषयाचं प्राथमिक ज्ञानही नाही. पाच महिन्यांत एकही सल्ला मिळाला नाही. त्यांनी फक्त प्रश्न विचारले आणि उत्तरं वहीत उतरवून घेतली. जे झालं ते माझं मी केलं.’

दोनदा वाचलं. एक शब्द खोटा नाही. पाठवला.

२० नोव्हेंबर, गुरुवार

पुण्याहून त्या उद्घाटनवाल्या ताईचा फोन. माझा अभिप्राय वाचून त्यांनी जुने अर्ज काढून पाहिले. देवरे मॅडमनी अर्ज मार्गदर्शक म्हणून केलाच नव्हता. शिकायचं म्हणून केला होता. गिरणीत नवं सॉफ्टवेअर येतंय, ते जमलं नाही तर विभागातून काढतील, असं कारण लिहिलं होतं. वय पाहून कोणीतरी नाव दुसऱ्या यादीत टाकलं. बाईंना पहिल्याच दिवशी कळलं होतं. बोलल्या नाहीत.

आता जानेवारीच्या तुकडीत त्यांना शिकणाऱ्यांमध्ये घेणार आहेत. मार्गदर्शक कोण हवं, म्हणून मॅडमना विचारलं. त्यांनी माझं नाव दिलं.

कधी दिलं, मी विचारलं. काल, ताई म्हणाली. माझा अभिप्राय त्यांना वाचायला दिल्यावर.