राजाचं पाखरू

सान तेल्मो, ८ नोव्हेंबर १९६६

माझ्याच गळ्यात मारलं! फिएस्ताच्या, गावजत्रेच्या दिवशी चौकात कवी गेर्वासियो तालुसान यांच्या पुतळ्याचं अनावरण, आणि भाषण मी करायचं. मुख्याध्यापिकाबाई म्हणतात, "तुझा आवाज मोठा आहे, लिगाया. माइकची कटकट नको." वा! गुण दिसला तो हा!

खरं सांगायचं तर — इथे नाही तर कुठे सांगणार? — आमच्या शाळेला त्यांचं नाव आहे. दरवर्षी मुलांकडून तसबिरीला हार घालून घेते. पण त्यांची एक ओळ वाचली असेल तर शपथ.

१० नोव्हेंबर

वाचलं. चुलीवर भात करपला, आई ओरडत राहिली, मी जागची हलले नाही.

पिंजरा होता उघडा, राजा, पाखरू गेलं उडून;
झडती माझ्या हातांची घे — गाणं बसलंय दडून.

हे आमच्या गावातल्या माणसानं लिहिलं? ह्याच चिखलाच्या नदीवर कपडे धुणाऱ्या बायकांत वाढलेल्या? मला आधी कुणी सांगितलं कसं नाही! राग आला, रडूही आलं. दोन्ही एकदम.

१३ नोव्हेंबर

लोलो आम्बो गेले. आईचे वडील. सकाळी कोंबड्यांना दाणे टाकता टाकता.

२१ नोव्हेंबर

आज नववा दिवस. प्रार्थना संपली, शेवया झाल्या, आणि म्हाताऱ्यांना जुनी हुक्की आली — डुप्लोचा खेळ मांडा! आम्बोला आवडायचा.

पूर्वी नवव्याला प्रत्येक घरी व्हायचा म्हणे. मी आज पहिल्यांदा खेळले. राजाचं पाखरू चोरीला गेलेलं असतं. एकानं दुसऱ्यावर आळ घ्यायचा, दुसऱ्यानं ओळी जुळवून तो झटकायचा आणि तिसऱ्यावर ढकलायचा. ओळी तिथल्या तिथे सुचलेल्या हव्यात. अडला किंवा शिळं बोलला की तळहातावर चप्पल.

शेजारचे तिबोआजोबा राजा झाले होते. आळ फिरत फिरत माझ्यावर आला. मला काय सुचणार, कपाळ! तालुसानांच्या त्याच दोन ओळी ठोकून दिल्या. पाठांतर कामी आलं म्हणून मनात खूश.

"शिळं!" तिबोआजोबा केवढ्यानं ओरडले. "हात पुढे कर!" सट्‌दिशी बसली.

"पुस्तकातलं चालत नाही, हे मला कुठे ठाऊक!" मी म्हणाले.

"कुठलं पुस्तक? हे इस्तांगचं आहे! ह्याच ओसरीवर म्हणाली होती. तेव्हा मला मिसरूड फुटलं नव्हतं. पुस्तक मागाहून आलं."

सगळ्या म्हाताऱ्या माना डोलवायला लागल्या. लोला इस्तांग, लोलोंची थोरली बहीण, म्हणजे माझी आजीच, भिंतीला टेकून बसली होती. एके काळी तिचा डुप्लो ऐकायला लोक होड्या करून यायचे, हे मी ऐकून होते. पण हे?

"आणि तालुसान?" मी विचारलं.

"तो घुम्या! कोपऱ्यात बसून आल्याचा चहा ढोसायचा. एक शब्द नाही तोंडातून. नुसता इस्तांगकडे बघायचा."

"बघायचा कसला? उचलायचा!" कुणीतरी म्हणालं. केवढा हशा. माझा हात चुरचुरत होता.

२२ नोव्हेंबर

लोलाला विचारलं. "ओळी तुझ्या होत्या?"

"म्हणायची मीच."

"मग त्यानं छापल्या तेव्हा गप्प का बसलीस?"

तिनं विषय बदलला. तांदूळ निवडत बसली. बिचारी! चोर चौकात उभा राहणार, आणि ही अजून त्याची अब्रू झाकतेय.

४ डिसेंबर

बोलले! लिहिलेलं भाषण घडी करून ठेवलं आणि सगळं सांगून टाकलं. माइकशिवाय. चर्चच्या पायरीपर्यंत ऐकू गेलं असणार.

बॅण्ड थांबला. मेयरच्या हातात दोरी तशीच. तिबोआजोबा उठून म्हणाले, "पोरगी खरं बोलतेय, आम्ही साक्षीला आहोत." मग नुसता गोंधळ. पहिल्या रांगेत तालुसानांची पुतणी सिदोरा बसली होती, त्यांच्या रक्ताची तेवढीच उरलेली. आजच्यासाठी नवा झगा शिवला होता तिनं. माझ्यासमोर येऊन म्हणाली, "माझ्या काकाला मेल्यावर तरी बोलू द्यायचं होतंस गं."

कापड पुतळ्यावर तसंच राहिलं.

५ डिसेंबर

घरात बायकांची रीघ. लोलासाठी तांदळाची गोड बिबिंगका, फुलं, पोरीबाळी तिचा हात कपाळाला लावून जाताहेत. ती काहीच खात नाही. बेत बदलणार म्हणे — पुतळा तिचा करणार!

चौकातून येताना सिदोरा दिसली. पुतळ्याच्या पायथ्याशी झाडत होती. मी रस्ता बदलला. का बदलला? मी खरंच बोलले होते ना?

७ डिसेंबर

लोलानं मला हाक मारली. दार लावायला सांगितलं.

"तो तोतरा होता गं. एक शब्द काढायला घाम फुटायचा. लोक हसायचे. दुपारी नदीवर मला ओळी शिकवायचा, एकेक, अडखळत. मी नवव्याला म्हणायची. त्यातली माझी एकही नाही."

चर्चच्या पायरीपर्यंत खोटंच ऐकू गेलं होतं. हा माझा मोठा आवाज!

"मग आत्तापर्यंत —?"

"त्या दिवशी तुला चप्पल बसली तेव्हाच सांगणार होते. पण सगळे माझं नाव घेत होते, लिगाया. किती वर्षांनी!"

पायातली चप्पल काढून तिनं माझ्या मांडीवर ठेवली आणि हात पुढे केला. तो हात बघवेना. मी माझा त्याच्याशेजारी ठेवला.

उद्या आम्ही दोघी सिदोराकडे जाणार. चप्पल बरोबर नेणार.