मुलुंडचा पहिला नंबर

५ जानेवारी, रविवार
हितेंद्रचा फोन. माझा आतेभाऊ, न्यू जर्सीत असतो. नवं घर घेतलं. घर बघण्याआधी त्याने तिथल्या शाळा बघितल्या. कुठल्या उपनगरातली मुलं कॉलेजच्या प्रवेश परीक्षेत किती मार्क मिळवतात याचे तिथे तक्ते मिळतात म्हणे. त्यावरून आधी उपनगर ठरवलं, मग घर. किचन सगळ्यात शेवटी बघितलं.
चहा गार होईपर्यंत विचार करत बसलो. आपण तीन पिढ्या गिरगावात राहतो ते कुठला तक्ता बघून? आजोबा कोकणातून बोटीने आले आणि धक्क्यापासून जवळ पडलं म्हणून.
आमची मुलगी अपेक्षा दहावीला आहे. अजून वेळ गेलेली नाही. संकल्प : मुंबईच्या उपनगरांचा शास्त्रशुद्ध तौलनिक अभ्यास. पूर्ण होईपर्यंत कोणाला सांगायचं नाही. मेघनाला तर नाहीच. बायको बँकेत आहे. तिला प्रत्येक गोष्टीचं कारण लागतं.

९ जानेवारी
अडचण. प्रवेश परीक्षांचे निकाल उपनगरवार कोणी छापतच नाही. अनास्था.
दुपारी मार्ग सुचला. क्लासवाले रस्त्यात बोर्ड लावतात. वर यशस्वी मुलांचे फोटो, खाली जेईई-सीईटीचे पर्सेंटाइल. जिथे फोटो जास्त, तिथली हवा अभ्यासाची. फोटो मोजायचे. इतकी सोपी गोष्ट आजवर कोणाला सुचली नाही याचं नवल वाटतं.

१९ जानेवारी, रविवार
बोरिवली, मुलुंड, डोंबिवली पूर्ण. घरी ऑफिसचं काम आहे असं सांगितलं.
मुलुंड थक्क करणारं. एका नाक्यावर तर आकाश दिसत नाही, नुसती मुलं. त्यात एक मुलगा विशेष. जाड चष्मा, चापून बसवलेले केस, अंगठा वर. तीन वेगवेगळ्या क्लासच्या बोर्डांवर तोच आहे. तिन्ही क्लास त्याला आपला म्हणतात. कोणावर अन्याय नको म्हणून तीनदा मोजला.
अंतिम निकाल : मुलुंड पहिलं. बोरिवली थोडक्यात हुकली.
तुलनेसाठी गिरगावही बघितलं. एकच बोर्ड, कोणाच्या तरी वाढदिवसाचा. त्यावरही फोटो पुष्कळ होते, पण धरले नाहीत.

२६ जानेवारी
घरात जाहीर केलं. दहावीची परीक्षा झाली की मुलुंडला भाड्याने जायचं.
मेघनाने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "निलेश, अकरावीचं अ‍ॅडमिशन ऑनलाइन असतं. मार्कांवर. तू चंद्रावर राहायला गेलास तरी फॉर्म भरता येतो."
म्हटलं, प्रश्न वातावरणाचा आहे.
म्हणाली, "चंद्रावर तेच नाहीये."
अपेक्षाने फक्त एवढंच विचारलं, "आणि फ्लॅविया मिस?"
फ्लॅविया मिस आमच्या खाली तळमजल्यावर राहतात. शाळेतून रिटायर झालेल्या. अपेक्षा पाचवीपासून त्यांच्या जेवणाच्या टेबलावर गणित शिकते. टेबलावर मेणकापड, मध्ये केळ्यांची फणी. अशाने स्पर्धेची वृत्ती येणार कुठून?

२ फेब्रुवारी
फ्लॅविया मिसनी जिन्यात गाठलं. "काय रे निलेश, माझं टेबल नापास केलंस म्हणे तू?"
मी आकडे सांगू लागलो. त्या दाराचं कुलूप काढत होत्या. मग म्हणाल्या, "तुला पण भागाकार मीच शिकवला ना? सॉरी, मॅन." आणि दार लावून घेतलं.
भावनाप्रधान बाई.

९ फेब्रुवारी
त्या जाड चष्म्याच्या मुलाचा फोटो मोबाइलवर होता. झेरॉक्सवाल्याकडून मोठा करून घेतला आणि अपेक्षाच्या टेबलासमोर भिंतीवर लावला. रोज नजर जाईल. प्रेरणा.
अपेक्षा पुस्तकं उचलून स्वयंपाकघरात जाऊन बसली. प्रेरणेचा पहिला टप्पा असाच असतो.

१८ मार्च
काल परीक्षा संपली. आज आपल्या जागेला भाडेकरूही मिळाला. वाडेकर म्हणून गृहस्थ. गंमत म्हणजे मुलुंडचेच. विचारलं, मुलुंड सोडून इकडे कसे? म्हणाले, "जरा शांत जागा हवी होती." शांततेसाठी गिरगाव! कीव आली. त्यांनी आकडे बघितले नसावेत.
सोबत मुलगा होता, वरद. दाढी वाढलेली, मान खाली. सध्या कॉलेजला जात नाही म्हणे. म्हणजे मुलुंडमध्येही असे निघतात. सर्वेक्षणात याला अपवाद म्हणतात.
घर दाखवताना हा मुलगा अपेक्षाच्या टेबलापाशी थांबला. बराच वेळ भिंतीकडे बघत राहिला. मग बाहेर जाऊन जिन्यात बसला. अपेक्षा त्याच्यामागे पाणी घेऊन गेली.
प्रेरणा सगळ्यांना झेपत नाही.

३० मार्च, गुढीपाडवा
मुलुंडला आलो. मुहूर्त साधायचा म्हणून आजच टेम्पो बोलावला. पाडव्याला गिरगावात शोभायात्रा निघते हे मला माहीत होतं. पण ती आपल्याच टेम्पोपुढे येईल असं वाटलं नव्हतं. फणसवाडीच्या तोंडाशी अडकलो. पुढे ढोल, मागे लेझीम, मध्ये आमचं कपाट. अपेक्षा म्हणाली, "बाबा, पाच मिनिटांत आले," आणि नऊवारी नेसलेल्या मैत्रिणींत दिसेनाशी झाली.
संध्याकाळी एकटीच मुलुंडला आली. आवाज बसलेला. जिना चढताना हसत होती, ते वरून ऐकू येत होतं. दारात आल्यावर थांबली.
गुढी खिडकीच्या ग्रिलला बांधली. समोरच क्लासचा बोर्ड. जाड चष्मा थेट आपल्या घरात बघतो. याहून चांगली जागा मिळाली नसती.

२० एप्रिल
भिंतीवरचा फोटो पडला. दमट हवा. पुन्हा लावला.

२२ एप्रिल
पुन्हा पडला. या वेळी घडी होऊन कपाटात पडला होता. मुलुंडचा दमटपणा अभ्यासात धरायचा राहिला. रुंद टेप आणली.

१३ मे
दहावीचा निकाल. अठ्ठ्याऐंशी टक्के. मुलुंडमध्ये शिकली असती तर ब्याण्णव कुठे गेले नव्हते.
फ्लॅविया मिसचा फोन. वाडेकरांकडूनही फोन. अपेक्षा दोन्हीकडे खूप वेळ बोलली. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "थँक यू, बाबा."
मी अजून अभिनंदन केलं नव्हतं.

३० जून
अकरावीची पहिली यादी लागली. अपेक्षाला पहिल्याच पसंतीचं कॉलेज मिळालं. चर्नी रोडला, गिरगावाला लागूनच.
पसंतिक्रम तिने आणि मेघनाने भरला होता. मी आज बघितला. त्यात मुलुंड नव्हतं. बोरिवली नव्हती. डोंबिवलीसुद्धा नव्हती.
अपेक्षा म्हणाली, "मी फ्लॅविया मिसकडे राहणारे. विचारलंय त्यांना." मेघना म्हणाली, "माझी बँकही तिकडेच आहे. उशीर झाला तर मीही राहीन."
सोय चांगली आहे. तात्पुरती.

२० जुलै, रविवार
गिरगावात गेलो. आधी वर, वाडेकरांकडे. आपल्याच दाराची बेल वाजवली. "या, बसा," म्हणाले. मी आपल्या नेहमीच्या खिडकीत बसणार होतो, तिथे त्यांचा टीव्ही होता.
म्हटलं, वरद दिसत नाही? म्हणाले, "खाली आहे, मिसकडे. तुमच्या अपेक्षाला गणित शिकवतो. तीच घेऊन गेली त्याला. दाढी केलीये परवा, बघा तरी."
खिडकीतून वाकून बघितलं. फ्लॅविया मिस अंगणात कपडे वाळत घालत होत्या. बाजूलाच त्यांचं टेबल बाहेर आणून मांडलं होतं, मेणकापड, केळी. अपेक्षा. तिच्यासमोर जाड चष्मा.
मी तो चेहरा रोज सकाळी दात घासताना बघतो.
वाडेकर मागे येऊन उभे राहिले आणि सांगू लागले. वरद इंजिनीअरिंगच्या पहिल्याच वर्षी कॉलेज सोडून परत आला. बोलायचाच बंद झाला. "बाहेर न्यावं तर नाक्यानाक्यावर हाच. अंगठा वर करून. दूधवालासुद्धा हाक मारायचा, ओ टॉपर! बोर्ड उतरवा म्हणून तिन्ही क्लासवाल्यांच्या पाया पडलो. म्हणाले, नवीन निकाल लागू द्या." मग म्हणाले, "इथे कोणी ओळखत नाही. फक्त तुमच्या मुलीने ओळखलं, घर बघायला आलो त्याच दिवशी. कोणाला बोलली नाही."
काहीतरी म्हणायला हवं होतं. मी विचारलं, पण तो नक्की कोणत्या क्लासचा?
वाडेकर चहाचे कप उचलून आत गेले.
मी खाली उतरलो तशी अपेक्षा उठून पुढे आली. म्हणाली, "बाबा, यायच्या आधी फोन करायचा ना." पाहुण्यांना म्हणतात तसं. मी टेबलापर्यंत गेलो नाही. निघताना ती फाटकापर्यंत आली आणि हळू आवाजात म्हणाली, "तो फोटो काढ ना आता. प्लीज."

२१ जुलै, सोमवार
मुलुंड. फोटो काढला. टेप पक्की होती, भिंतीचा रंगही सोबत आला. समोरचा बोर्डही आज उतरवलाय. मोकळ्या चौकटीतून मागचा डोंगर दिसतो. इकडे डोंगर आहे हे माहीत नव्हतं.
मेघनाला बँकेत उशीर झाला. तिकडेच राहिली.
आकडे पुन्हा काढून बसलो. वरदला वगळला. तिन्ही वेळा. मुलुंड दुसऱ्या नंबरवर गेलं. बोरिवली पहिली.
हे घरात सांगायला हवं. घरात कोणी नाही.